इंदूरच्या पलासिया चौकात उभी असलेली बस किती धूर सोडते? धावत्या सिटी बसचं उत्सर्जन मोजण्याची पद्धत

सिटी बसचं पीयूसी कसं होतं ते बघा. डिझेल बस जागेवर उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात दाबायचा आणि धुराचा काळेपणा मोजायचा. बीएस-६ या उत्सर्जन मानकाच्या गाडीला ०.७ प्रति मीटरपर्यंत मुभा. सीएनजी असेल तर आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघायचं, झालं. नॉक्स, म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडं, या तपासणीत येतच नाहीत. इंजिनावर भार नाही, एसी नाही, साठ माणसं नाहीत. गाडी ठीकठाक आहे की अगदीच बिघडली आहे एवढं त्यातून कळतं. पण नवलखा ते विजयनगर जाताना तीच बस रस्त्यावर किती ग्रॅम काय सोडते, हे कळायला यंत्रं बसमध्ये चढवून तिच्यासोबत फिरावं लागतं.

या पद्धतीला पेम्स (पोर्टेबल एमिशन्स मेजरमेंट सिस्टिम) म्हणतात. बसमध्ये बसवता येईल असा विश्लेषक, सायलेन्सरच्या तोंडाला प्रवाहमापक, सोबत जीपीएस आणि इंजिनच्या संगणकाची नोंद, सगळं दर सेकंदाला. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि एप्रिल २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात रस्त्यावरचं मोजमाप नियमाचा भाग झालं. एआयएस १३७ या वाहन उद्योगाच्या मानकाच्या चौथ्या भागात अवजड इंजिनांची कार्यपद्धती दिली आहे. ती वाचाच, पण एक गोष्ट डोक्यात ठेवून वाचा. ती पद्धत इंजिन नियमात बसतं की नाही हे ठरवण्यासाठी लिहिली आहे. राजवाड्याच्या गर्दीत रोज काय होतं ते सांगणं हा तिचा हेतू नाही. दोन्ही कामं एकाच फेरीत करता येतात, फक्त हिशेब वेगळा करावा लागतो. तो कसा, ते पुढे येईल.

आधी प्रश्न ठरवा

यंत्र भाड्याने आणण्याआधी कागदावर एका ओळीत लिहा: कळायला काय हवंय? ‘सिटी बसचं प्रदूषण मोजायचंय’ हा प्रश्न नाही. ‘अमुक मॉडेलची बीएस-४ डिझेल आणि बीएस-६ सीएनजी बस एकाच मार्गावर, संध्याकाळच्या गर्दीत, किलोमीटरला किती नॉक्स सोडतात’ हा प्रश्न आहे. ‘सिग्नलवर उभं राहण्यात एकूण नॉक्सचा किती वाटा जातो’ हाही आहे. पहिल्यासाठी दोन बस आणि तोच मार्ग लागतो. दुसऱ्याला एकच बस पुरते, पण घड्याळं सेकंदापर्यंत जुळलेली हवीत.

इंदूरमध्ये सध्या आणखी एक प्रश्न ताजा आहे. एबी रोडवरची बीआरटीएस २०१३ मध्ये सुरू झाली: निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, साडेअकरा किलोमीटरच्या आसपास, मधोमध बससाठी राखीव मार्गिका. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती काढण्याचा निर्णय दिला. राखीव मार्गिकेतली बस आणि रिक्षा-दुचाक्यांच्या गर्दीतली बस यांच्या धुरात फरक पडतो का, हे ज्यांना बघायचं आहे त्यांनी प्रत्येक फेरीच्या नोंदीत ‘मार्गिका राखीव होती की मिश्र’ हा रकाना ठेवावाच. एकाच मार्गाच्या काही भागांत मार्गिका काढलेली आणि काही भागांत तशीच असली, तर चौकागणिक नोंदवा. नाहीतर चार वर्षांनी फाइल उघडणारा दोन वेगळ्या रस्त्यांची तुलना एकाच रस्त्याची समजून करेल.

बस, मार्ग आणि दिवस

बस निवडताना सर्वांत चकचकीत गाडी पुढे केली जाते, कारण ती सहज मिळते. डेपोतल्या त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांची यादी मागा, किलोमीटर वाचन आणि शेवटच्या सर्व्हिसची तारीख घ्या, आणि मधल्या गटातली निवडा. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला नको. पण दिवा पेटलेल्या गाड्या किती आहेत हे नोंदवा, कारण तेही शहराच्या हवेचंच वास्तव आहे. डिझेल बीएस-६ असेल तर नॉक्स कमी करण्यासाठी धुरात युरियाचं द्रावण फवारतात; त्या युरियाची टाकी भरलेली आहे ना, आणि युरिया खरा आहे ना, हे बघा. टाकीत साधं पाणी निघालं तर तीही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

इंदूरच्या सीएनजी बसबाबत एक जादाची नोंद लागते. देवगुराडियाचा गोबरधन प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला. रोज ५५० टन ओला कचरा घेऊन सुमारे १७ टन बायो-सीएनजी बनवण्याची त्याची क्षमता आहे आणि तो गॅस सिटी बसमध्ये जातो. शुद्ध केलेल्या बायोगॅसमध्ये मिथेनखालोखाल थोडा कार्बन डायऑक्साइड उरतो. पाइपलाइनच्या नैसर्गिक वायूत इथेन वगैरे जड वायू असतात. हिशेबात इंधनातलं कार्बन-हायड्रोजनचं प्रमाण लागतं, म्हणून गॅस कुठे भरला त्याची पावती जपा आणि शक्य असेल तर पंपाकडून त्या दिवसाचा गॅस विश्लेषणाचा कागद घ्या.

मार्ग खरा हवा. एमजी रोडवर राजवाड्यापासून रीगल, हायकोर्ट, पलासिया हा दाट भाग. एबी रोडवर भंवरकुआं ते विजयनगर. आणि थोडा मोकळा भाग बायपासकडे. असा मार्ग घेतला तर एकाच फेरीत तीन स्वभावाचे रस्ते येतात. रंगपंचमीची गेर, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, मोठा मोर्चा, असे दिवस टाळा. शाळा सुरू असलेले साधे कामाचे दिवस घ्या, आणि सकाळची व संध्याकाळची गर्दी दोन्ही पकडा. दुपारी दोनला रिकाम्या रस्त्यावर घेतलेली छान गुळगुळीत फेरी दाखवायला बरी, कामाला नाही.

उन्हाळ्याचा विचार आधीच करा. युरोपच्या नियमात, ज्यावरून आपली पद्धत बेतली आहे, हवेच्या तापमानाची वरची मर्यादा समुद्रसपाटीला ३८ अंश आहे आणि उंचीसोबत ती किंचित उतरते. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर, हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या जवळपास. मेच्या दुपारी पारा ४० च्या वर जातो तेव्हा घेतलेली फेरी त्या युरोपीय नियमाच्या हिशेबात बाद होते. शहराच्या हिशेबात मात्र ती सोन्यासारखी आहे, कारण एसी पूर्ण ताकदीने तेव्हाच चालतो.

काय काय लागतं

पूर्ण पेम्समध्ये चार तऱ्हेचे विश्लेषक असतात. कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइडसाठी अवरक्त प्रकाशावर चालणारा. नॉक्ससाठी अतिनील प्रकाशाचा किंवा रासायनिक प्रकाशमापनाचा. हायड्रोकार्बनसाठी हायड्रोजनच्या ज्योतीचा, ज्याला सगळे एफआयडी म्हणतात. आणि कणांची संख्या मोजणारा, जो २३ नॅनोमीटरपेक्षा मोठे घन कण मोजतो. यांच्या जोडीला प्रवाहमापक, जीपीएस, तापमान-आर्द्रता-दाब मोजणारं छोटं हवामान केंद्र, इंजिनच्या संगणकाशी जोडणारी केबल, शून्य आणि स्पॅन वायूंचे (यंत्राचं वाचन तपासायच्या, प्रमाण ठाऊक असलेल्या वायूंचे) सिलिंडर, आणि बॅटऱ्या. वीज बसच्या अल्टरनेटरवरून घेऊ नका. इंजिनावर भार वाढतो आणि जे मोजायला आलात तेच तुम्ही बदलता.

सीएनजी बससाठी एफआयडी एकटा पुरत नाही, कारण तो मिथेन आणि बाकीचे हायड्रोकार्बन एकत्र मोजतो. बीएस-६ मध्ये गॅस इंजिनाला मिथेनची मर्यादा वेगळी आहे, ०.५ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास, आणि बिगर-मिथेन हायड्रोकार्बनची ०.१६. मिथेन सोडून बाकीचं जाळणारा कटर सोबत मागवा. न जळलेलं मिथेन दिसत नाही, वासही नाही, पण वीस वर्षांच्या हिशेबाने ते तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतं. ‘सीएनजी म्हणजे स्वच्छ’ म्हणून हा रकाना रिकामा सोडणारे अहवाल मी बाजूला ठेवतो.

पैसे कमी असतील तर? पूर्ण संच आणि तो चालवणारा माणूस प्रयोगशाळेकडूनच मिळतो. पुण्याची एआरएआय आहे, आणि आपल्या दारात पीथमपूरचं नॅट्रॅक्स आहे, जिथला ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २०२१ पासून सुरू आहे. पण बीएस-६ डिझेल बसमध्ये युरिया प्रणालीच्या आधी आणि नंतर नॉक्सचे सेन्सर कंपनीनेच बसवलेले असतात. त्यांची माहिती जे-१९३९ या भाषेत गाडीच्या वायरींवरून सतत फिरत असते. डायग्नोस्टिक सॉकेटला फक्त वाचणारा लॉगर लावा आणि हे क्रमांक नोंदवा: १९० इंजिनचा वेग, ५१३ प्रत्यक्ष टॉर्कची (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराची) टक्केवारी, ५१४ घर्षणाची टक्केवारी, ५४४ संदर्भ टॉर्क, १८३ इंधनाचा दर, ३२१६ आणि ३२२६ आधीचं आणि नंतरचं नॉक्स. कॉलेजच्या प्रकल्पाला हे पुरेसं आहे.

यात दोन खाचखळगे आहेत. एक, सेन्सर थंड सायलेन्सरमध्ये बंदच असतो, कारण ओलावा त्याच्या तापलेल्या सिरॅमिकला तडा देतो. बंद असताना लॉगर ३०७६ पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपासचा आकडा दाखवतो. तो आकडा म्हणजे ‘माहिती उपलब्ध नाही’ ही खूण आहे, नॉक्स नव्हे. सरासरीत गेला तर सगळं वाटोळं. शिवाय सेन्सर बंद असण्याचा काळ हाच सर्वांत घाण काळ असू शकतो, म्हणून ‘किती मिनिटं सेन्सर बंद’ हे निकालात लिहा. दुसरं, हा सेन्सर अमोनियालाही नॉक्स समजतो. युरिया जास्त फवारला जात असेल तर आकडा फुगतो.

डेपोत जोडणी

प्रत्यक्ष कामाचा अर्धा दिवस इथेच जातो आणि तो जायलाच हवा. आदल्या संध्याकाळी बस डेपोत आली की सायलेन्सर निवू द्या. शेपटीचा पाइप तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करा, मग प्रवाहमापकाची नळी सिलिकॉनच्या बाहीने आणि दोन क्लॅम्पनी जोडा. मापकाच्या आधी आणि नंतर सरळ नळी हवी. वळणानंतर लगेच मापक बसवला तर प्रवाह गोल फिरत येतो आणि वाचन डोलतं. नळीचा व्यास लहान नको, नाहीतर इंजिनाला मागून दाब बसतो.

क्लॅम्प आवळून झाल्यावर इंजिन चालू करा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला नाही म्हणजे गळती नाही, असं मात्र समजू नका. आयडलिंगला सायलेन्सरमधला दाब ठोके देत वरखाली होतो आणि मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. त्यासाठी एक पक्की खूण आहे. स्टोइशियोमेट्रिक सीएनजी इंजिनात हवा आणि गॅस अगदी मोजून जळतात, त्यामुळे कोरड्या धुरात कार्बन डायऑक्साइड ११.७ टक्क्यांच्या जवळ यायलाच हवा. गरम इंजिन, स्थिर आयडलिंग आणि यंत्र १०.५ दाखवतंय? मग कुठूनतरी हवा आत येते आहे. आमच्या ओळखीचा एक डेपोतला मिस्त्री असा आकडा पाहून पान्याने सरळ फ्लेक्सिबल जोडाकडे बोट दाखवतो, “भिया, ये जाली गई.” बहुतेक वेळा त्याचंच खरं निघतं. जाळी फाटलेला जोड बदला. त्यावर टेप गुंडाळून निघू नका. डिझेलला ही खूण लागू नाही, कारण तिथे जादा हवा नेहमीच असते.

सीएनजीच्या धुराचा दुसरा त्रास पाण्याचा. मिथेन जळून होणाऱ्या धुरात जवळपास १९ टक्के वाफ असते. इंदूरच्या दाबाला ती ५८ अंशांच्या खाली आली की पाणी होतं. नमुना नेणारी नळी कुठेही थंड राहिली, उदाहरणार्थ खिडकीतून आत येते त्या वळणावर, तर तिथे थेंब साचतात, आणि काही वायू त्या पाण्यात विरघळून बसतात. नळी पूर्ण लांबीत तापवलेली हवी, डिझेलच्या हायड्रोकार्बनसाठी तर १९० अंशांना. हात लावून बघू नका, तापमापक लावा. नळी उताराची ठेवा, मध्ये झोळ नको.

विश्लेषकांचा खोका बसच्या मागच्या भागात, दोन आसनं काढून, फरशीला रबरी पायांवर आणि पट्ट्यांनी बांधा. ब्रेक लागला की शंभर किलोच्या वरचा तो संच पुढे येतो, म्हणून पट्टे पुढेमागे दोन्ही बाजूंनी. नळी येते ती खिडकी फोमने आणि पत्र्याने बंद करा आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. एफआयडीचं हायड्रोजन मिश्रण असलेलं सिलिंडर उभं, बांधलेलं, आणि वरच्या बाजूची खिडकी उघडी. सीएनजी बसमध्ये गॅस गळती शोधणारं यंत्रही हवंच. मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकली जाता कामा नये. विमा आणि डेपोची लेखी परवानगी गाडीतच ठेवा. ट्रॅफिकचा हवालदार थांबवणारच, आणि सायलेन्सरला लटकलेली ती नळी पाहून त्याने थांबवलं नाही तर त्याचंच चुकलं.

प्रवासी नकोत. भार म्हणून वाळूच्या गोण्या किंवा पाण्याचे कॅन ठेवा, आसनांवर आणि मधल्या वाटेत विभागून. माणशी ६५ ते ७० किलो धरा. अर्ध्या भरलेल्या बसचं वजन ही चांगली सुरुवात आहे. गर्दीचा मार्ग असेल तर पूर्ण भाराची एक फेरी वेगळी घ्या.

निघण्यापूर्वीचा तास

विश्लेषक चालू करून तासभर तापू द्या. मग शून्य वायू सोडा आणि वाचन शून्यावर आणा. त्यानंतर स्पॅन वायू, ज्यातलं प्रमाण सिलिंडरच्या दाखल्यावर लिहिलेलं असतं. शून्यासाठी डेपोची हवा वापरू नका. शेजारी वीस बस गरम होत असतात, ती हवा शून्य नाही. सगळ्या यंत्रांची, लॉगरची आणि नोंदकाच्या मोबाइलची घड्याळं जीपीएसच्या वेळेला लावा.

थंड इंजिन सुरू होतानाचा डेटा नोंदवायचा की नाही? नोंदवाच. नियमाच्या हिशेबात कूलंट ७० अंशांना पोचेपर्यंतचा भाग वेगळा ठेवतात, पण पहाटेची पहिली फेरी रोजच थंड निघते.

रस्त्यावर

ड्रायव्हर रोजचाच हवा. गाडीत यंत्रं पाहिली की चांगला ड्रायव्हर अंडी घेऊन चालल्यासारखी गाडी चालवतो, म्हणून आधी एक फेरी यंत्र बंद ठेवून मारा आणि त्याला सांगा, “उस्ताद, रोज चालवता तशीच चालवा. आकडा बसचा लिहायचाय, तुमचा नाही.” त्याचं नाव कुठेही लिहू नका आणि तसं त्याला सांगा. वाढीव धुरावरून मेमो मिळेल अशी भीती असली तर फेरी वाया गेली समजा.

प्रत्येक थांब्यावर थांबायचं. दार उघडायचं. प्रवासी चढायला लागतो तेवढा वेळ थांबायचं; आधी त्या मार्गावर साध्या प्रवाशासारखं बसून हा वेळ घड्याळावर घ्या. एसी रोजच्याप्रमाणे.

एका माणसाचं काम फक्त नोंद. सिग्नलला कधी थांबलो, कधी सुटलो, एसीचा कॉम्प्रेसर कधी लागला, पुढे कचऱ्याची गाडी आली का, लग्नाची वरात आली का. हे सगळं वेळेसकट. यंत्राच्या पडद्याकडे बघत बसणारा दुसरा माणूस वेगळा. एका माणसाने दोन्ही करायला घेतलं की पलासियापर्यंत दोन्ही सुटतात. पुलाखाली आणि उंच इमारतींत जीपीएस भरकटतो, म्हणून गाडीचा वेग चाकाच्या सेन्सरवरूनही घ्या.

फेरी किती लांब? इंजिनाने प्रयोगशाळेतल्या ठरलेल्या चाचणी-चक्रातल्या कामाच्या चार ते सात पट काम करेपर्यंत. सिटी बसला यात तीन-चार तास सहज जातात. सकाळी निघताना पोहे-जिलेबी खाऊन निघा, मध्ये थांबायला मिळत नाही.

परत आल्यावर पट्टे सोडण्याआधी शून्य आणि स्पॅन पुन्हा तपासा आणि किती सरकलं ते लिहा. हे राहिलं तर त्या दिवसाचा सगळा डेटा संशयित. उन्हात बसमधलं तापमान वाढलं की विश्लेषक सरकतात, आणि इंदूरच्या एप्रिलमध्ये हे हमखास होतं.

सेकंदाचे ग्रॅम करणं

हातात आता वेगवेगळ्या फाइली आहेत. पहिलं काम त्यांना वेळेत जुळवणं. धूर तापलेल्या नळीतून विश्लेषकापर्यंत यायला काही सेकंद घेतो, प्रवाहमापक मात्र तत्काळ बोलतो. बस सिग्नलवरून सुटते तेव्हा प्रवाह आधी उसळतो आणि कार्बन डायऑक्साइड मागून. दोन्हींचे आलेख एकमेकांवर सरकवून उसळ्या जुळतील तिथे थांबा. हे न करता गुणाकार केला तर जास्त प्रवाहाला कमी संहती आणि कमी प्रवाहाला जास्त संहती लागते, आणि नेमका वेग घेतानाचा धूर कमी दिसतो.

मग कोरड्याचं ओलं करणं. ज्या विश्लेषकाआधी पाणी काढून टाकतात तो कोरड्या धुरातलं प्रमाण सांगतो, प्रवाहमापक मात्र वाफेसकट सगळा धूर मोजतो. सीएनजीत १९ टक्के वाफ असल्याने कोरडा आकडा ०.८१ ने गुणावा लागतो. विसरलात तर उत्तर तेवीस टक्क्यांनी जास्त येतं. डिझेलमध्ये वाफ कमी, पण तीही इंधन-हवेच्या प्रमाणानुसार दर सेकंदाला बदलते.

आता वस्तुमान. ओल्या धुरातलं नॉक्स पीपीएममध्ये, गुणिले धुराचा प्रवाह किलोग्रॅम प्रति सेकंद, गुणिले एक स्थिरांक: डिझेलसाठी ०.००१५८७, नैसर्गिक वायूसाठी ०.००१६२१. उत्तर ग्रॅम प्रति सेकंद. समजा डिझेल बस ४०० पीपीएम आणि ०.१ किलोग्रॅम प्रवाहावर आहे. तर सेकंदाला ०.०६३ ग्रॅम. तेव्हा ती ताशी १८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर धावत असेल, तर किलोमीटरला १२.७ ग्रॅम झाले.

आता तीच बस सिग्नलवर उभी धरा. समजा २०० पीपीएम, प्रवाह ०.०३५. सेकंदाला ०.०११ ग्रॅम, चाळीस सेकंदांत ०.४४ ग्रॅम, अंतर शून्य. इथे किलोमीटरला किती म्हणणार? भागाकारच होत नाही. म्हणून प्रत्येक सेकंदाचं ग्रॅम-प्रति-किलोमीटर काढून त्याची सरासरी कधीही घेऊ नका. भागाचे सगळे ग्रॅम बेरजेत, सगळं अंतर बेरजेत, मग एक भागाकार.

किलोवॅट-तासाचा हिशेब हवा असेल तर इंजिनाने केलेलं काम काढावं लागतं. प्रत्यक्ष टॉर्कच्या टक्केवारीतून घर्षणाची टक्केवारी वजा करा, संदर्भ टॉर्कने गुणा, मग इंजिनच्या वेगाने. घर्षण वजा न करणाऱ्यांचं काम फुगतं, आणि ग्रॅम प्रति किलोवॅट-तास आपोआप गोंडस दिसतं.

कार्बनचा ताळा

हा ताळा न करता कोणताही आकडा बाहेर जाऊ देऊ नका. फेरीतल्या एकूण कार्बन डायऑक्साइडवरून इंधन काढा: एक लिटर डिझेल जळून साधारण २.६५ किलो होतो, एक किलो सीएनजी जळून साधारण २.७. फेरीआधी आणि नंतर टाकी काठोकाठ भरून जेवढं इंधन लागलं त्याच्याशी हे जुळवा. लिटरला सव्वातीन किलोमीटर देणाऱ्या बसचा कार्बन डायऑक्साइड किलोमीटरला आठशे ग्रॅमच्या थोडा वर यायला हवा. तुमचा पाचशे आला, तर बस चांगली आहे म्हणून नव्हे, प्रवाहमापक चुकतोय म्हणून. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर मी फेरी बाद करतो; कुणी थोडं सैल ठेवतात, पण जी मर्यादा ठेवाल ती आधी लिहून ठेवा.

डिझेलमध्ये कण-गाळणीचं रिजनरेशन (साचलेली काजळी जाळून गाळणी साफ होणं) फेरीत झालं तर तापमान अचानक चढलेलं दिसतं. तो भाग पुसू नका, खूण करून वेगळा दाखवा.

नियमाचा हिशेब, शहराचा हिशेब

नियमात फेरीचे सरकते तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यात इंजिनाने चाचणी-चक्राएवढं काम केलेलं असतं. त्या तुकड्याचं ग्रॅम प्रति किलोवॅट-तास मर्यादेशी ताडून बघतात. बीएस-६ मध्ये नॉक्सची मर्यादा ०.४६ आहे, बीएस-४ मध्ये ३.५ होती, चाचणीचं चक्रही बदललं आहे, तरी उडी केवढी ते कळतं. कणांची संख्या किलोवॅट-तासाला ६०,००० कोटी. युरोपच्या नियमात रस्त्यावर वायूंसाठी दीडपट सूट आहे. पण मेख पुढे आहे. ज्या तुकड्यात इंजिनाची सरासरी शक्ती कमाल शक्तीच्या ठराविक टक्क्यांखाली असते, तो तुकडा मोजणीतून वगळला जातो. युरो ६ मध्ये ही अट आधी २० टक्के होती, नंतर १० वर आणली.

१६० किलोवॅटच्या इंजिनाला २० टक्के म्हणजे ३२ किलोवॅट. राजवाडा ते रीगल रांगत जाणारी बस सरासरीत तिथे पोचणं अवघड. आणि समजा पोचली नाही, सरासरी २० किलोवॅटवर राहिली, तर १६ किलोवॅट-तासाचा एक तुकडा पूर्ण व्हायला ४८ मिनिटं लागतात. तेवढ्यात बस जुन्या शहरातून बायपासपर्यंत जाते आणि दोन्हींचा धूर एकाच आकड्यात मिसळतो. डिझेलच्या युरिया प्रणालीला काम करायला धूर २०० अंशांच्या आसपास तापलेला लागतो. रांगत्या बसचा धूर त्याखाली उतरतो, युरिया फवारणं थांबतं, आणि इंजिनातलं नॉक्स जवळजवळ जसंच्या तसं बाहेर येतं. वगळलेले तुकडे नेमके हेच.

म्हणून त्याच फाइलवर दुसरा हिशेब करा. मार्ग चौकाचौकांत तोडा: राजवाडा–गांधी हॉल, गांधी हॉल–रीगल, रीगल–पलासिया, पलासिया–एलआयजी, एलआयजी–विजयनगर. प्रत्येक भागाचे ग्रॅम, अंतर, सरासरी वेग, उभं राहण्याचे सेकंद, युरिया प्रणालीआधीचं तापमान. सीएनजीसाठी तापमानाच्या जागी मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड, आणि जमलं तर अमोनिया, कारण तीन-मार्गी कॅटॅलिस्ट (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा भाग) नॉक्स मारताना तो बनवतो. वाहतूक शाखेला, पालिकेला किंवा बस कंपनीला दाखवायचा तक्ता हा. कुठल्या चौकात सिग्नलची वेळ बदलून फायदा होईल, कुठल्या मार्गावर जुनी डिझेल बस काढून विजेची टाकायची, हे सरासरी आकडा सांगत नाही, हा तक्ता सांगतो. (विजेच्या बसला सायलेन्सरच नाही, तिच्या टायर-ब्रेकची धूळ मोजणं हे वेगळं शास्त्र आहे.)

एका फेरीवरून निष्कर्ष काढू नका. एकच बस, एकच मार्ग, तीच वेळ, निदान तीन फेऱ्या. त्यातला फरक दोन बसमधल्या फरकाएवढा असेल तर ‘ही बस त्या बसपेक्षा चांगली’ असं लिहायचा अधिकार अजून आलेला नाही.

अहवालात प्रत्येक आकड्यासोबत बसचं मॉडेल आणि मानक, किलोमीटर वाचन, भार, एसी, हवेचं तापमान, मार्गिका राखीव की मिश्र, आणि वगळलेला डेटा किती व का, हे द्या. बसचा नंबर देऊ नका, डेपोशी ठरलेला सांकेतिक क्रमांक द्या. कच्च्या फाइली, स्पॅन वायूचे दाखले आणि नोंदकाची वही यांची एक प्रत डेपोकडे आणि एक तुमच्याकडे. पुढच्या वर्षी तीच बस पुन्हा मोजायला याल तेव्हा डेपो मॅनेजर बदललेला असेल, पण सांकेतिक क्रमांकाची यादी त्याच्या कपाटात सापडायला हवी.